डावं-उजवं

हडपसरला, गवती धावपट्टीच्या कडेला,
पत्र्याच्या खोलीत माझं बाक.
बाकावर एक भोवरा, मुठीत मावेल एवढा.
आवाज बारीक,
दूध उतू जायच्या जरा आधीचा.

तांबोळी मास्तर म्हणायचे,
फिरता भोवरा ढकलून बघ.
ढकलशील तिकडे तो जाणार नाही,
काटकोनात वाकेल.
त्याच्या ह्या तिरकसपणावरच आपलं पोट आहे.
आणि बसवायचा तो जरा कलता,
म्हणजे वळणंही कळतं त्याला आणि कलणंही.

बाकी यंत्र साधं.
डावा पंख खचला की भोवरा कुरकुरतो,
कुरकुर तारेतून मोटरीपाशी जाते,
मोटर केबल ओढते,
डावी झडप खाली, उजवी वर,
पंख सरळ.
पुन्हा खचणार. पुन्हा ओढ.
सरळ उडणं म्हणजे चुकांची इतकी बारीक शिवण
की टाका दिसत नाही.

उंची त्याला कळत नाही.
पेट्रोल किती, सासवड आलं की गेलं,
समोर पुरंदर आहे, काही नाही.
जन्मभर नुसतं डावं-उजवं.

मंगळवारी चाचणीला गेलो,
बेहरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मी.
दिवेघाटापलीकडे सगळं ताकासारखं पांढरं,
क्षितिज कुठे ते सापडेना.
तिने बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले,
संत्रं सोलायला घेतलं.
माझ्या कानातलं पाणी हललं, म्हणालं,
उजवीकडे पडतोयस.
मी सीट घट्ट धरली.
काटा मधोमध होता.

पंख सरळ होते
आणि आम्ही खाली चाललो होतो,
हळू, अगदी सभ्यपणे,
दोनशे फूट.
बेहरोजने दोन बोटांनी नाक उचललं.
"तुझा भोवरा सज्जन आहे रे,
पण डोंगर त्याला दिसत नाही."
एक फोड मला दिली.

मग मुद्दाम तिने दांडी उजवीकडे रेटली.
मोटर अडली, कुंथली,
आणि क्लच घसरला.
तो मीच लावलाय, वजनकाटा अडकवून,
माणूस भांडलाच
तर माणूस जिंकावा इतकाच घट्ट.

संध्याकाळी घोरपडी पेठेत गेलो.
मास्तरांचा डावा कान आता बिघडलाय,
उभं राहिलं की अख्खी पेठ फिरते.
तरी मला सोडायला कोपऱ्यापर्यंत येतातच.
हात धरलेला खपत नाही.
मी डावीकडून चालतो, अर्धं पाऊल मागे.
ते कलले की खांदा लागतो माझा,
सरळ झाले की सुटतो.

पानाच्या टपरीपाशी त्यांनी मला ढकललं, चिडून.
मी बाजूला झालो.
ते थांबले, भिंतीला टेकले,
माझ्याकडे बघत राहिले.
"किती किलोला लावलायस रे क्लच?"