शंभरातले दोन

तळघरात, काळ्या पडद्याआड, रात्रीचे दोन.
बाहेर उणे अठरा. एमायोगी नदी गप्प,
पुलावरून कुणी गेलं तर
बुटांखाली बर्फ दात खातो.
इथे मात्र सदतीस अंश, नेमके,
आणि गुलाबी पाण्याच्या तळाशी पेशी पसरलेल्या
सैल पीठ तव्यावर पसरावं तशा.

उर्मोने दुपारी गोळ्या वळल्या.
वळल्या म्हणजे काय,
केसाएवढ्या नळीत
एकीकडून मद्यार्कातली चरबी सोडली,
दुसरीकडून आंबट पाण्यातला निरोप,
दोघांची गाठ पडली तिथे
डोळा लवायच्या आत
निरोपाभोवती चरबीची पुरचुंडी बांधली गेली.
केसाच्या रुंदीत अशा हजारेक ओळीने बसतील.

टार्टूमध्ये मी एकतीस वर्षं भिंगं पुसते आहे.
पहिलं यंत्र रशियन होतं,
त्याचा स्क्रू नुसताच फिरायचा
आणि चित्र जागचं हलायचं नाही.
आता पडदा, लेझर, सगळं आहे.
मान तेवढी तेव्हाही दुखायची.

पेशी अडाणी नाही, खादाड आहे.
दाराशी काही गुळगुळीत आलं
की कातडीची घडी पुढे करून गिळते.
पहिल्या दिवशी नवे विद्यार्थी ओरडतात: गेलं आत!
मी म्हणते, थांबा.
आत जाणं म्हणजे पोचणं नव्हे.
एका फुग्यात कोंडलंय ते,
आणि फुगा आंबत चाललाय
विरजण लागलेल्या दुधासारखा.
पुढची वाट एकच, जिथे सगळ्याचा गाळ होतो.
सुटायचं तर मधली काही मिनिटं.

उर्मोची सगळी अक्कल त्या मिनिटांत.
त्याची चरबी एरवी
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आंबट लागलं की मात्र तिच्या अंगात येतं,
भिंतीला मिठी मारते,
भिंतीचीच होते,
भिंत उसवते.

फाटल्या जागी पेशी स्वतःच हिरवा ठिपका लावते.
तो मला दिसतो. निरोप दिसत नाही.
मी जखमा मोजते
आणि सांगते, इतके सुटले असावेत.

शंभरातले दोन.
आठवडा चांगला गेला तर तीन.

माझा मामा सायबेरियातून पत्रं लिहायचा,
कागद नव्हता म्हणून बर्चच्या सालीवर.
किती लिहिली, कोण सांगणार?
आलं एक.
आईने ते राईच्या पिठाच्या डब्यात ठेवलं होतं.
मी मोठी झाल्यावर वाचलं, हात धुऊन,
काहीतरी असेल त्यात असं वाटून.
होतं ते एवढंच:
बटाटे उत्तरेच्या तुकड्यात लावू नका, पाणी साचतं.
ते पोचलं तेव्हा ऑगस्ट होता.
तुकड्यातले बटाटे कुजून गेले होते.
पुढच्या वर्षी आईने जागा बदलली.

हा निरोपही तसलाच. खुशाली नाही, सही नाही.
एका प्रथिनाची कृती,
जी ताल्लिनमधल्या कुठल्याशा मुलाच्या
यकृताला जमत नाही.
वाचला गेला तर वाचला जाईल,
आणि काही तासांत चिंध्या होईल त्याच्या.
ते ठीक आहे. निरोपाने किती टिकावं?
करणाऱ्याला काम कळलं की झालं.

उर्मो जिना उतरतो, हातात काळा पाव,
तुकडे जिन्यावर सांडत.
"हेल्यू, किती?"
या खेपेला त्याने चरबीच्या शेपटीला
एक वळण जास्त दिलंय,
त्याला झोप लागत नाहीये.

"बोलू नकोस," मी म्हणते.

सहा नक्की.
सातवा, डावीकडे, पेशीच्या अगदी कडेला,
ठिपका आहे की काचेवरची धूळ?
वहीत पेन्सिलीने सात लिहिते,
शेजारी लहानसं प्रश्नचिन्ह,
आणि भिंग पुसून
पुन्हा डोळा टेकवते.