तीन बांगड्यांचा वेळ

देवबागला रेंज विहिरीच्या कठड्यावर येते,
आणि भरतीला जास्त येते, असं जयवंतीकाकीचं म्हणणं.
मला पटत नाही. पण मी कठड्यावरच बसते.

पान उघडायला घेतलं.
पांढऱ्यावर राखाडी गोल फिरायला लागलं.
काकीने पहिला बांगडा आडाळ्यावर धरला,
डोकं, कल्ले, आतडं.
दुसरा.
तिसऱ्याच्या शेपटीपाशी कुठे वर निळी पट्टी आली:
तांडेल निवास, समुद्राला लागून.
"इला काय गो?"
"येतंय."
"पुण्याचो माणूस इतको वेळ थांबतलो?"
पुण्याचा माणूस, काकी,
पहिल्या बांगड्याचं डोकं उडण्याआधी
शेजाऱ्यांकडे जेवायला बसलेला असतो.

साइट तिच्या भाच्याने, सुजितने, उभी केली.
तयार साचा, महिन्याचं भाडं.
भाड्याच्या घरात भिंत आपली नसते,
वासा आपला नसतो,
चौथरा कुठल्या देशात आहे तेही कोणी सांगत नाही.
खिळा ठोकायचा तर मालकाने ठेवलेल्या भोकात.
आपल्या हातात एवढंच, की सामान कमी करावं.

आणि सामान तरी किती!
ड्रोनने काढलेला चाळीस सेकंदांचा दर्या,
आपोआप सुरू होणारा, दारात खरा गाजत असताना.
सरकता पट्टा बारा फोटोंचा, त्यात सात वेळा तोच माड.
कोपऱ्यात उड्या मारणारा फुगा, मी आपली काय मदत करू?
"माका इचारा, तेका काय ठावक," काकी म्हणाली.
अक्षरांच्या तीन जाती,
त्यातली एक फक्त 'सुस्वागतम्' लिहिण्यापुरती.
आणि सुजितने नाताळात पाडलेला बर्फ
अजून पडत होता, भर मे महिन्यात,
कौलं तापलेली असताना.

ओहोटीला कर्लीच्या मुखाशी वाळू वर येते.
भरलेली होडी तिथे टेकते.
बाबलकाका तेव्हा कोणाला शिव्या देत नाही.
बर्फ पाण्यात ओततो,
जाळं मागच्या होडीत देतो,
दोघा पोरांना कमरेइतक्या पाण्यात उतरवतो,
मग सरकतो.

मीही आधी बर्फ ओतला.
दर्या काढला. सहा माड काढले.
उरलेले फोटो आवळून बारीक केले,
आणि खालच्यांना सांगितलं,
कोणी तिथवर आल्याशिवाय बाहेर यायचं नाही.
एकोणीस सेकंदांचे अकरा झाले. मग सहा.
सहावर टेकलं.

तळाशी एकच जड वस्तू होती,
काकीच्या हातच्या दरपत्रकाचा फोटो.
वहीचं पान, रेघेवरून घसरणारी अक्षरं,
कोपऱ्यात हळदीचं बोट.
अक्षरांचा फोटो फार जड असतो.
तीच अक्षरं टाइप केली की चिमूटभर.

सांगितलं तसं.
आडाळा थांबला.
"पन्नासाव्या वर्षी लिवक शिकलंय मी,
रात्रीच्या वर्गात. तां पुसतलंस?"

मी उत्तर दिलं नाही. ओळ बघत टाइप करत गेले:
सूरमय थाळी. तिसर्यो.
सोलकडि पाहीजे तेवडी.
आमोळी, रात्री सांगीतल तर सकाळी.
दुरुस्त करायला बोट थांबलं एकदा.
पण दुसरी वेलांटी
पहिलीइतकीच हलकी.
तशीच राहू दिली.
हळदीचं बोट तेवढं गेलं,
ते टाइप करता येत नाही.

पुन्हा उघडलं.
निळी पट्टी, अंगण, दर,
गोल आलं की नाही तेही कळलं नाही.
काकीच्या हातात पहिलाच बांगडा, डोक्यासकट.
"झाला?"
"झालं."
ती बांगड्याकडे बघत राहिली.
"मगे उरलेले दोन कधी करू?"

मग तिने तसाच ओला हात पुढे केला,
फोन घेतला, दरापर्यंत खाली गेली
आणि स्वतःचं लिहिलेलं वाचायला बसली,
अक्षराखाली बोट धरून, मोठ्याने,
सूर… मय… था… ळी.
एकोणीस सेकंद कधीच होऊन गेले.
मी मोजले नाहीत.
फोन परत आला तेव्हा काचेच्या कोपऱ्यात
एक खवला चिकटलेला होता.