सात भोकं

दुपारचे अडीच, आणि ऊलूमध्ये रात्र झालीये.
पडद्यावर सात चौकोन, सातही काळे,
प्रत्येकात एकेक कर्सर लुकलुकतोय.
नावं मी माशांची दिलीत:
हाउकी, मादे, सीका, मुइक्कु.
उरलेल्या तिघांची आत्ता आठवत नाहीत.

हाउकी शहराच्या हीटिंगची बिलं तपासतोय.
मादे जुन्या चाचण्या उकरतोय,
तळाशी राहणाऱ्यानं उकराव्यात तशा.
सीकाला मी काय सांगितलं होतं
ते बघायला वर, आणखी वर सरकावं लागतं.

बाबा केमीच्या खाडीत, बर्फावर
अशीच सात भोकं पाडायचे.
प्रत्येक दोरीला डहाळी, डहाळीला घंटी.
मी ढकलगाडीवर, कान टोपीबाहेर काढून.
घंटी वाजली तरी ते पळायचे नाहीत.
चालायचे.
मधूनमधून झाऱ्यानं
भोकाभोकावरची बर्फाची साय काढत फिरायचे.
न पाहिलेलं भोक अर्ध्या तासात मिटतं.

इथली घंटी मीच बंद केली, मंगळवारी.
दर दोन मिनिटांनी किणकिणायची.
म्हणून मुइक्कु सकाळी नऊपासून
एकाच ओळीवर थांबलेला:
ही फाइल काढून टाकू का? हो की नाही?
साडेपाच तास.
न खाकरता, न पाय बदलता.
माझ्यासाठी इतकं निमूट
घरात कुणी कधी थांबलेलं नाही.

घाईघाईनं हो लिहिलं,
ते मादेच्या चौकोनात.
त्यानंही काहीतरी विचारलं होतं.
मी वाचलं नव्हतं.

चारशे ओळी गेल्या. परत आणता आल्या.
बोटांतली ऊब यायला मात्र वेळ लागला.

संध्याकाळी फोन केला. बाबांना हल्ली एकच भोक जमतं,
तेही शेजारचा अर्तो पाडून देतो.
"सात?" म्हणाले. "मग मासे धरतं कोण?"
"तेच धरतात. मी नुसतं हो म्हणते."
बराच वेळ फोनमध्ये फक्त श्वास.
"मग ही मासेमारी नव्हे, पोरी. राखण झाली.
बरं, जेवलीस का?"

जेवले. बटाटे, कालचंच सूप.
परतल्यावर चार चौकोन मिटवले.
सीकाला काय सांगितलं होतं
ते शेवटी त्यालाच विचारलं.
त्यानं सांगितलं, मुद्देसूद,
माझ्यापेक्षा नीट.

आता तीन उरलेत. घंटी चालू आहे.
वाजली की जाते,
बसल्या जागेवरूनच,
पण चालत.