पंधरा हजार तीनशे

माझ्या गेममध्ये राक्षस थांबतो.
कुऱ्हाड डोक्यावर धरून
या पायावरून त्या पायावर झुलत राहतो नुसता.
हल्ला, बचाव, औषध, पळ काढा:
कोपऱ्यात पाटी लुकलुकते,
आणि मी भडंगाचा बकाणा भरतो,
तेलकट बोटं पँटला पुसतो,
खाली जाऊन गाडी आत घेऊन येतो.
आलो तरी तो तिथंच.

इरशाद नदाफला हे बघवत नाही.
"काय लगा, दुश्मन रेशनच्या रांगेत हुबा हाय व्हय?
तू मारणार, मग त्यो मारणार, मग परत तू.
असलं भांडण बघितलंयस कुठं सांगलीत?"
त्याच्या गेममध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही.
लोळ, ऊठ, वार, लोळ,
डोळ्याचं पातं लवलं की संपलास.
एकाच पुलावर एकाच ड्रॅगनपुढं
बावीस वेळा मेलाय तो, आणि हसतोय.

मी खेळून बघितलं एकदा.
कुठलं बटण ते आठवेपर्यंत मेलो होतो.
मला ते नवीन नव्हतं.

माझ्या तोंडात एक 'प' आहे.
ओठ मिटतात, आणि मिटलेलेच राहतात.
पत्ता. पावती. पार्श्व, म्हणजे खुद्द मीच.
नाव विचारणारा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो
आणि मी अजून स्वतःच्या उंबऱ्यावर.
विश्रामबागेत बेकरीत पॅटिस आणायला जातो,
खारी घेऊन येतो.
घरात सगळ्यांना वाटतं, मला खारी आवडते.

पेढीवरचे म्हातारे दिवाणजी सांगतात,
पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा.
याचा हात त्याच्या हातात, वर कापड,
आत बोटं दाबायची: हे हजार, हे शेकडे.
तो दाबणार, थांबणार. मग तू.
वर दोघांचे चेहरे कोरे,
जणू कुणाच्या तरी बारशाला आलेत.
ऐकताना माझीच बोटं आपोआप हलतात.

आता उघड लिलाव.
बाबांचा गुडघा मिरजेला बदलला,
म्हणून मार्केट यार्डात बोलीला मी उभा.
पिवळ्या धुळीत चाळीस माणसं ढिगाभोवती,
या ढिगावरून त्या ढिगावर, मिनिटभरही नाही,
आणि समोर इरशाद, कोठारींच्या पेढीकडून.

राजापुरी, जाड, चांगली वाळलेली.
"पंधरा हजार दोनशे," इरशाद म्हणाला.
मी ओठ मिटले.
(नुसतं 'तीनशे' म्हटलं असतं तरी चाललं असतं.
हे मला रात्री अंथरुणात सुचलं.)
एक वार, पुकारणारा म्हणाला.
मानेची शीर ताठ.
दोन वार.
कुणीतरी मागं खाकरलं.
आणि इरशाद, जो कधी कशासाठी थांबला नाही,
"थांबा की जरा" म्हणून खाली वाकला,
एक हळकुंड उचललं, मोडलं,
आतला रंग बघितला,
वास घेतला, परत बघितला,
सोनार नथ बघतो तसं.
पुकारणाऱ्यानं घड्याळ बघितलं.
इरशादनं दुसरं हळकुंड उचललं.

"प-पंधरा हजार तीनशे."

"चारशे," तो लगेच म्हणाला,
आणि ढीग त्याचा झाला.

रात्री आला तेव्हा नखांत हळद होती,
माझा कंट्रोलर पिवळा केलान.
"आपलाच माल एवढा निरखून बघत होतास व्हय?"
"माल कुठला? तुझा डाव हुता."
"मग चारशे?"
"मग माझा न्हाई का?"
आणि भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले.

तो गेल्यावर मी पडद्याकडं बघितलं.
राक्षस उभाच. कुऱ्हाड वर.
इतकी वर्षं मला कधी वाटलं नव्हतं,
धरून धरून
त्याचाही हात भरून येत असेल.