कोरडं वजन

एल सेंट्रोत पहाटे साडेचारला मी केंद्राचं दार उघडते
आणि माणसं तोलायला घेते.
चपला काढून, काठी भिंतीला टेकवून
एकेक जण काट्यावर चढतो.
मागच्या खेपेपासून जितकं वाढलं तितकं पाणी.
ते चार तासांत मशीनमधून उपसायचं.
मग उरतं त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो.
एखाद्याचं पाणी जोखणं म्हणतात ना घरी,
मी तेच करते. तासाच्या दरानं.

डेल्फिनो किरोगा, तिसरी खुर्ची, खिडकीजवळची.
चाळीस वर्षं लोकांच्या लेट्यूसला पाणी पाजलं,
आता स्वतःला दिवसाला चार कप.
घोट्यावर अंगठा दाबला की खळगा राहतो,
गाळात राहावा तसा, सावकाश भरून येणारा.
एका सोमवारी चार किलो जास्त.
म्हटलं, डेल्फिनो, कुठंतरी पाणी मुरतंय.
माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये त्यातली गंमत मेली.
तो खाली बघून म्हणाला, कलिंगड.
आणि बऱ्याच वेळानं, नळीतलं रक्त अर्धं फिरून आल्यावर:
डोंगरापलीकडं एक झाड आहे.
माझ्या पायांसारखं सुजलेलं.
फक्त त्याला कुणी रागवत नाही.

रविवारी गेले.
बोरेगोचा रस्ता, मग कच्चा रस्ता, मग रस्ताच नाही,
कोरड्या ओढ्याची वाळू आणि तव्यासारखे दगड.
लोक त्याला हत्तीचं झाड म्हणतात,
म्हणून मी वर बघत चालले होते.
ते माझ्या खांद्याइतकं निघालं.
वर बोटभर पानं, खाली हे थोराड खोड,
फाटक्या सदऱ्यातून पोट दिसावं तशी
सोलत आलेली कागदी साल, आत हिरवट.
आसपास दुसरं एकही नव्हतं.
डेल्फिनोच्या तरुणपणी आठ-दहा होती म्हणे.

फांदीला धक्का लागला, आणि वास आला.
सालई!
धारणीच्या जंगलातली, डिंक धरलेली,
जिच्याखाली बाबा मोजणीची वही उघडून
उरलेली झाडं लिहून काढायचे,
आणि मी नुसती हुंगत बसायचे.
आठ हजार मैलांवर या झाडाला
तो वास कुणी सांगितला?
उगाच डोळ्यांत पाणी आलं.
तिथल्या हवेनं ते गालावर पोचू दिलं नाही.

मग मी जे करते ते केलं.
गुडघ्यांवर बसून खोडावर अंगठा ठेवला,
पाच सेकंद, सवयीनं मोजून,
आणि उचलला.
खळगा पडला नाही.

सोमवारी कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा,
वर हातमोजे.
तरी सुई लावताना डेल्फिनोनं नाक उचललं.
कोपाल, म्हणाला. आई मेली तेव्हा जाळला होता.
गेली होतीस.
हो.
आहे अजून?
एक आहे.
दाबून बघितलंस?
मी थांबले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
बघितलं. टणक आहे.
तो खिडकीतून पार्किंगकडं पाहत राहिला,
तिथं स्प्रिंकलर हिरवळीऐवजी डांबर भिजवत होता.
म्हणजे त्याचं पाणी त्याचंच आहे, म्हणाला,
माझ्यात फक्त वस्तीला येतं.

काही बोलणार होते.
पाचव्या खुर्चीचं मशीन वाजायला लागलं.
जाता जाता त्याच्या कागदावर आकडा लिहिला:
एक किलो दोनशे जास्त, या वेळी एवढंच.
त्यानं तो उलटा वाचला
आणि शाळकरी पोरासारखा हसला.