राखाडी पट्टी

बैंगनवाडीत पत्र्याच्या माळ्यावर
सात वर्षं मी एकच पट्टी शिवतोय.
दोन इंच रुंद, राखाडी,
बोटाला मांजराच्या जिभेसारखी लागणारी.
पोपटी जॅकेटवर दोन आडव्या, दोन उभ्या.
नगाला साडेचार रुपये,
दोरा तुटला तर आपला.

दिवसा तिच्यात बघण्यासारखं काही नाही.
"आत काचेचे मणी आहेत, मास्टर,"
रियाझुद्दीन शेठ पहिल्या दिवशी म्हणाले होते,
"मोहरीहून, रव्याहून, धुळीहून बारीक."
मी खरवडून पाहिलं.
नखाला राख लागली फक्त.

सुगंधा रात्रपाळीला झाडते,
विक्रोळी ते कांजूर, हायवेची डावी कड.
साडेदहाला डबा, खराटा,
आणि अंगात तेच जॅकेट.
माझ्या हातचं असेल, नसेलही.
टाक्यावरून ओळखलं असतं,
पण मळानं टाका दिसत नाही.

एकदा तिला सोडायला गेलो
आणि कडेला उभा राहून बघत बसलो.
गाड्या यायच्या,
तिच्यावर उजेड ओतून निघून जायच्या,
पट्टी राखाडीची राखाडी.
घाम फुटला मला.
सात वर्षं लोकांच्या पाठीवर
मी काय शिवतोय मग?
गोधडीची किनार?
तिला काही बोललो नाही.
शेठलाही नाही. हप्ता बाकी होता.

मग दिवाळीनंतर भिवंडीचा माल निघाला.
पाचशे नग, रात्री अडीचचा टेम्पो,
मी पुढे, मांडीवर एक गठ्ठा.
इसाक मेहुणीच्या लग्नाचं सांगत होता,
हॉल कसा मिळेना, मिळाला तर जेवण कसं महाग.
कन्नमवार नगरच्या पुढे रस्त्याचे दिवे गेलेले.
आणि काळोखात
दोन आडव्या, दोन उभ्या रेघा
पेटल्या.

माणूस नव्हताच तिथे.
नुसत्या रेघा,
वाकत होत्या, सरळ होत होत्या, पुन्हा वाकत होत्या.
खांद्याजवळची एक अर्ध्यातच विझलेली.
मी ओळखलं ते वाकण्यावरून,
डावा गुडघा जपत वाकणं.

इसाकनं टेम्पो जरा उजवीकडे घेतला.
ब्रेक नाही, हॉर्न नाही.
मेहुणीचं वाक्यसुद्धा तोडलं नाही त्यानं.
एवढंच.
सात वर्षांत शिवलेलं सगळं
त्या एका हातभर वळणात होतं.

तिनं मान वर केली नाही.
तिच्या बाजूनं आम्ही
रोजच्यासारखे दोन दिवे.

पुढे ठाण्यापर्यंत मी विचार करत होतो.
ही पट्टी उलट टीप मारते.
उजेडाचा धागा जिथून आला
त्याच भोकातून माघारी.
ज्यानं दिवा धरलाय त्यालाच दिसणार,
शेजारी उभ्या नवऱ्याला नाही,
अंगात घालणारीला तर नाहीच नाही.

सकाळी ती आली तेव्हा दार लावून घेतलं,
जॅकेट खिळ्याला टांगलं, बल्ब बंद.
"हे काय आता?"
"मोबाइलचा टॉर्च लाव. कानशिलाला धर.
डोळ्याच्या जवळ. अजून जवळ."

बराच वेळ ती काही बोलली नाही.
खिळ्यावर चार रेघा जळत होत्या,
मला अर्थातच दिसत नव्हत्या,
मी तिचं तोंड बघत होतो.

"ही खांद्याची का अर्धीच?"
"मळ."
"आधी सांगायचंस ना," म्हणाली,
आणि बादली नळाखाली सरकवली.