चाळीस खंडी भटजी

डिचोलीच्या बाजारात, सळ्या-सिमेंटच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली लोखंड आदळतं, वर मी स्कीमा वाचते:
हळदोण्याच्या बास्त्यांवने पाठवलेला
जमिनींचा नमुना, सगळा रोमी अक्षरांत.

बी-एच-ए-टी.
एका फाइलीत ते भाट, माडांचं.
एकीत भात, खाजनातलं.
एकीत भट, ज्याच्या नावे सनद.

जनरेटरला माड दिसत नाहीत.
पहिल्याला त्याने नाव दिलं तसंच ठेवलं,
दुसऱ्याच्या शेपटीला एक, तिसऱ्याच्या दोन,
आणि कोड बिनतक्रार कंपाइल झाला.

महिनाभर चाललं.
मग कुणीतरी नवी फाइल टाकली, वर्णक्रमात वरची,
आणि आकडे एकेक घर सरकले.
सोमवारी बास्त्यांवचा फोन:
"बाये, चाळीस खंडी भटजी पिकलेत म्हणतं तुझं मशीन.
मळायचे कसे?"

हसले. लॉग उघडला, आणि हसू थांबलं.
उशिरा येईल त्याने नाव सोडायचं:
हा नियम माझ्या ओळखीचा.

लग्न होऊन साखळीला आले तेव्हा
घरात आधीच एक हेमांगी होती, मोठी जाऊ.
ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं गेलं: सुलक्षा.
कुणी भांडलं नाही. मीही नाही.
अजून बँकेत एक मी, रेशनकार्डावर दुसरी,
आणि जुन्या नावाने कुणी हाक मारली
की वळायला मला क्षणभर लागतो.

संध्याकाळपर्यंत आकडे काढून टाकले.
जमिनीचं भाट. पिकाचं भात. मालकाचा भट.
आधी आलेल्यालाही सूट नाही,
त्यानेही आपलं ठिकाण सांगायचं.
आणि एक यादी, हाताने लिहिलेली,
कुठलं नाव कुणाचं, कायमचं;
नवं कुणी आलं तरी जुन्याने हलायचं नाही.

नावं लांबली. तुषार म्हणाला, बोटं दुखतील टाइप करताना.
दुखू देत.

घरी जाऊ नारळ खवत होती.
"वहिनी, तुमचं माहेर पैंगीण ना?"
"हो. का गं?"
"म्हणजे तुम्ही पैंगीणची हेमांगी, मी वळवईची.
दोघी मावलो असतो."

तिने वाटी पुरती खवली, करवंटी बाजूला ठेवली.
"तुझंही तेच होतं, नाही का," म्हणाली,
मग पाटावरून उठत,
"दार लावू? की अजून एखादी यायची आहे?"